गोदेकडची सडक

“आख्यान कशावर म्हणालीस?” नरहरदादाने विचारलं.

“राज्यमहामार्गावर, बाबा. राजीव रहदारी म्हणतात ना, तो. आपला जुना करीमनगर रोड.”

दादाने हातातला काढ्याचा पेला खाली ठेवला. घशाच्या ऑपरेशनपासून त्याचा आवाज फाटक्या भात्याच्या पेटीसारखा झाला आहे. हवा येते, सूर येत नाही. पण त्या हवेतही त्याने एवढा जोर आणला की मला स्वयंपाकघरात ऐकू आलं.

“मग बसस्टँडवर उभी राहा. नारदाच्या गादीवर कशाला?”

नरहरदादा माझा थोरला भाऊ आणि स्वाती त्याची एकुलती एक मुलगी. हैदराबादेत चप्पल बाजारातल्या आमच्या राममंदिरात दर कार्तिकात कीर्तनसप्ताह होतो. त्यातली पहिल्या दिवसाची गादी आमच्या घरची. आजोबांनी ती चालवली, मग वडिलांनी, मग दादाने. यंदा दादाचा आवाज गेला आणि प्रश्न उभा राहिला. मंदिराचे पंच आबासाहेब, ज्यांचं बेगम बाजारात मसाल्याचं दुकान आहे, ते घरी येऊन चहा पिऊन गेले. माणूस सभ्य, बोलणंही गोड. “बुवा, तुमच्या घरचं कोणी उभं राहणार असेल तर आनंदच आहे. नाहीतर लातूरकडचे एक बुवा यायला तयार आहेत. त्यांचा ऑर्गनवालासुद्धा स्वतःचा आहे.”

एकदा घराबाहेर गेलेली गादी परत येत नाही, हे तेही जाणत होते आणि आम्हीही.

स्वातीला उभं राहायचं होतं. लहानपणापासून ती बापामागे टाळ धरून उभी राहिलेली. साकी, दिंडी, कटाव सगळं तिच्या गळ्यात बसलेलं. कटाव म्हणजे कीर्तनातली ती भरधाव रचना, जिच्यात बुवा श्वास न घेता अख्खी लढाई किंवा अख्खं लग्न डोळ्यांपुढे उभं करतात. देवाने तिला आवाज असा दिलाय की ऐकताना माझे हात आपोआप जोडले जातात. पण आमच्या परंपरेत गुरूने “उभी राहा” म्हटल्याशिवाय शिष्य गादीवर पाय ठेवत नाही. इथे गुरू म्हणजे बापच, आणि बाप म्हणजे नरहरदादा. सगळं त्या एका शब्दावर अडलं होतं.

“द्रौपदीच्या थाळीचं आख्यान आहे, गजेंद्रमोक्ष आहे,” दादा म्हणाला. “तुला सगळं पाठ आहे.”

“पाठ आहे, बाबा. पण ती थाळी मी तुमच्याच तोंडाने सांगते. मधे मधे तर तुमचा खोकलासुद्धा येतो माझ्या तोंडात.” स्वाती हसली, मग गंभीर झाली. “मी मराठी पुस्तक वाचते ते अक्षर अक्षर लावत. पोथीतलं मला तुमच्याकडून उसनं घ्यावं लागतं. हा रस्ता मात्र माझा आहे. लग्न झाल्यापासून प्रत्येक सणाला मी त्यावरून जाते. डोळे मिटूनसुद्धा सांगेन.”

“आख्यानाला नायक लागतो. संकट लागतं. आणि शेवटी भगवंत धावून यावा लागतो. तुझ्या डांबरात यातलं काय आहे?”

“चला. दाखवते.”

तिचा नवरा गौतम करीमनगरकडचा. त्याच्या घरी पूर्वी शेती होती, आता हा कुकटपल्लीत नोकरी करतो. त्याने गाडीची किल्ली उचलली आणि मला म्हणाला, “आत्या, तुम्ही पण चला. बाप-लेकीच्या मधे कोणी तरी बसायला पाहिजे. नै तो गाडीतच युद्धकांड होता.”

रविवारी सकाळी आम्ही निघालो. दादा पुढे, गळ्याला मफलर गुंडाळून. मागे मी आणि स्वाती. सिकंदराबाद मागे पडलं, अल्वाल आलं आणि दादाचं तोंड उघडलं. मला वाटलं, आता टोचून बोलणार. पण त्याला आमचे वडील आठवले होते.

“अण्णा या रस्त्याने सिद्दिपेटला कीर्तनाला जायचे,” तो घोगऱ्या आवाजात सांगू लागला. “निजामाच्या कचेऱ्यांत आपली माणसं होती ना, कुणी वकील, कुणी मास्तर. ते बोलवायचे. अण्णा सांगायचे, दोन्ही बाजूंना चिंचा, आणि वर त्यांच्या फांद्या एकमेकींत गुंतलेल्या. भर दुपारी दिवेलागण झाल्यासारखी सावली. रस्ता एवढा अरुंद की समोरून गाडी आली की एकीने मातीत उतरायचं.”

“कोण उतरायचं?” गौतमने विचारलं.

“ज्याला घाई नाही तो.”

“मग आजच्या हिशेबाने दोघं पण तिथंच उभे राहिले असते, हौ ना?”

दादा हसला. मला बरं वाटलं. ऑपरेशननंतर तो हसायचंच विसरला होता.

शामीरपेटचं तळं आलं. पाण्यावर ऊन पडलं होतं आणि कडेला माणसं भजी खात होती. पुढे तुर्कपल्लीजवळ काचेच्या मोठमोठ्या इमारती दिसल्या. स्वाती म्हणाली, “इथे लशी तयार होतात, आत्या. तुम्हाला टोचलेली एखादी इथलीच असेल.” मी खिडकीतूनच नमस्कार केला. ज्याने जीव वाचवला त्याला काचेच्या इमारतीकडे पाहून हात जोडले तरी पोचतात, असं मी मानते.

“हा नायक का?” दादाने विचारलं.

“नाही. अजून पुढे.”

वंटिमामिडीला भाजीचा बाजार भरात होता. टेंपोंतून टोमॅटो उतरत होते, आडते तेलुगूत ओरडत होते. गौतमने गाडी थांबवून वांगी घेतली, कारण त्याच्या मते शहरात मिळतात ती वांगी नसतातच. प्रज्ञापूरचा चौक मागे गेला. चार पदरी सडक आता डोळे निववणारी झाली. मधल्या पट्ट्यात कण्हेर फुललेली, दोन्हीकडे कपाशी. मी खरं सांगते, देवळाच्या गाभाऱ्यात उभं राहिल्यावर मनाला जो मोकळेपणा येतो, तसाच मला त्या रस्त्यावर आला. माणसांनी मिळून केलेली एवढी लांब, एवढी सरळ वस्तू दुसरी कुठली असेल? आणि तिच्यावरून कुणीही जावं. मंत्र्याने जावं, मेंढ्या नेणाऱ्याने जावं.

कुकुनूरपल्लीच्या पुढे एका वस्तीपाशी स्वाती म्हणाली, “थांबव.”

रस्त्याला अगदी लागून एक घर होतं. घर म्हणायचं, पण त्याला पुढची बाजूच नव्हती. आतल्या खोलीची भिंत तीच आता दर्शनी भिंत. तिच्यावर अजून खुंट्या होत्या, आणि देवाचा कोनाडा रस्त्याकडे तोंड करून उघडा होता. कोनाड्यात ताजं हळदकुंकू. समोर टोपलीत सीताफळं मांडून एक म्हातारी बसली होती.

“मल्लव्वा!” स्वातीने हाक मारली. म्हातारीने तिला ओळखलं. तेलुगूत म्हणाली, “आलीस? मागच्या बतुकम्माच्या सणाला थांबली नाहीस. भुर्रकन गेलीस. गाडी पाहिली मी.”

आम्ही उतरलो. दादाला तेलुगू मराठीइतकीच येते, हैदराबादेत जन्म गेलाय. त्याने सीताफळ हातात घेऊन दाबून पाहिलं.

“दाबू नका,” मल्लव्वा म्हणाली. “पाहिजे तर विचारा, पिकलंय का. मी खोटं बोलत नाही.”

दादाने मुकाट्याने फळ खाली ठेवलं. माझ्या उभ्या आयुष्यात मी त्याला असं गप्प झालेलं पाहिलं नव्हतं.

“घर अर्धं कसं?” त्याने विचारलं.

“अर्धं नाही. पूर्वी जास्त होतं,” म्हातारी म्हणाली आणि सांगू लागली. जुना रस्ता तिच्या दाराशी वळायचा. वळण आंधळं. रात्री लॉरी यायची, समोरची दिसायची नाही. लोखंड आपटल्याचा आवाज झाला की तिचा नवरा खाट उचलून धावायचा आणि ती पाण्याची घागर घेऊन. नवऱ्याचं पुढच्या पडवीत सायकलचं दुकान होतं. वळणामुळे गाड्या हळू व्हायच्या, थांबायच्या, दुकान चालायचं. मग रस्ता रुंद आणि सरळ करायचं ठरलं. भिंतीवर लाल रेघ आली. तोवर नवरा वारला होता.

“लोक म्हणाले, भांड. वर अर्ज कर. मी म्हटलं, कशाला? रेघ बरोबर होती. सरळ करायचं तर इथूनच जाणार.”

“मग मशीन आलं?”

“मशीन यायच्या आदल्या दिवशी मीच भिंत उतरवली. एक एक वीट. घर बांधताना हळदकुंकू लावतो ना? उतरवताना नको का लावायला? मशीनवाला बिचारा दुसऱ्या दिवशी आला तर त्याला कामच नाही. ताक पिऊन गेला.” ती खुदकन हसली. तोंडात दोनच दात, पण हसू अख्खं.

दादाने विचारलं, “वाईट नाही वाटलं?”

“वाटलं की. माझ्या नवऱ्याने बांधलेली भिंत होती. पण त्या वळणावर जे गेले त्यांनाही बायका होत्या.” तिने टोपलीतलं एक फळ उचलून त्याच्या हातात दिलं. “हे घ्या, हे पिकलंय. आता इथे कोणी पडत नाही. कोणी थांबतही नाही. सगळे तुमच्या मुलीसारखे भुर्र. फळं माझी मलाच खावी लागतात.”

गौतमने सगळी टोपली घेतली. मल्लव्वाने त्याला ओरडून चार परत काढून घेतली, कारण संध्याकाळी नातू यायचा होता.

गाडीत बसल्यावर दादाने मफलर सोडला. त्याचे डोळे पाणावले होते. “झालं,” तो म्हणाला. “नायिका मिळाली. हिचंच आख्यान कर. मी परवानगी देतो. तो रस्ता-बिस्ता सोडून दे.”

मी मनात रामाचं नाव घेतलं. सुटलो एकदाचे.

“नाही,” स्वाती म्हणाली.

“काय नाही?”

“हिचं एकटीचं नाही करणार. बाबा, ही एकटी नाहीये. पुढे दुद्देड्याला पहा, तिम्मापूरला पहा, थेट गोदेपर्यंत घरं मागे सरकलीत. कुणी रडत, कुणी शिव्या देत, कुणी हिच्यासारखं. हिला एकटीला मखरात बसवली की बाकीचे सगळे पुसले जातात. त्या सगळ्यांनी सोडलेल्या जागेचा मिळून हा रस्ता झालाय. नायक रस्ताच.”

“मी तुला सोपं करून देतोय, स्वाती!”

“मला सोपं नकोय.”

 गौतमने आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी बाहेर पाहू लागले. दादाने हाताची घडी घातली. तो तसा बसला की त्याचं मन वळवणं ब्रह्मदेवालाही जड जातं.

“बरं,” तो शेवटी म्हणाला. “आणि भगवंत? तो कुठून येतो तुझ्या आख्यानात? टोलनाक्यावरून?”

“खालून,” स्वाती म्हणाली.

“खालून?”

“ते काँक्रीटचे चौकोनी हौद दिसतात ना रस्त्याच्या कडेला, जागोजागी? त्यांच्याखाली नळ आहे. माणूस उभा चालेल एवढा मोठा. येल्लमपल्लीच्या धरणातून गोदावरी त्यातून येते. याच रस्त्याच्या कडेने, जमिनीखालून, हैदराबादपर्यंत. आम्ही कुकटपल्लीत पितो ते तेच पाणी.”

दादा मान वळवून त्या हौदांकडे बघू लागला. मला मात्र राहवलं नाही म्हणून मी विचारलं, “अगं, म्हणजे दिवाळीत मी तुझ्याकडे राहिले होते, तेव्हाचं माझं अभ्यंगस्नान...”

“गोदास्नानच, आत्या. गीझरचं.”

तोंड लपवून हसावं की हात जोडावेत, मला कळेना. दोन्ही केलं. त्र्यंबकेश्वरी उगम पावलेली, पैठणच्या पायऱ्या धुऊन, नांदेडला गुरुद्वाऱ्याजवळून वाहत आलेली माय! आपण तिला भेटायला जातो म्हणून मिरवायचं, आणि ती आपल्या पायांखालून उलट दिशेने आपल्याच घरी निघालेली. मी त्या सिमेंटच्या हौदांकडे पाहत राहिले. एकेक मागे पडत होता आणि प्रत्येकाला मी मनातल्या मनात फूल वाहत होते.

करीमनगरच्या अलीकडे मानेरच्या पुलावर वारा एवढा होता की गाडी हलली. सुलतानाबाद, पेद्दपल्ली. दोन्हीकडे भात कापणीला आलेला. रामगुंडमच्या वीजकेंद्राच्या चिमण्या लांबून दिसल्या, कोळशाचे डंपर लागले, आणि मग गोदावरीचा पूल. नदीचा पट इतका रुंद की पलीकडचं मंचेरियाल धुक्यात असल्यासारखं वाटत होतं.

आम्ही खाली उतरलो. दादाने धोतर खोचून पाण्यात उभं राहून अर्घ्य दिलं. मग ओल्या पायांनी वर येऊन एका दगडावर बसला आणि लेकीला म्हणाला, “म्हण.”

“काय?”

“कटाव केला असशील ना? म्हण.”

स्वातीने पदर खोचला. समोर बाप, मागे पुलावरून जाणाऱ्या लॉऱ्या. तिने पिशवीतले टाळ काढून जुळवले आणि सुटली:

“सुटली सडक ही सरसर सरसर,
मागं राहिली शहरी घरघर,
अलवाल, हकिमपेट, तुंकुंटा तरतर,
शामिरपेटी तळं ते झरझर,
वंटिमामिडी वांग्यांचा डोंगर,
प्रज्ञापूरचा चौक तो तत्पर,
सिद्दिपेटला चहा घोटभर,
मानेरवरती वारा भरभर,
पेद्दपल्लीला भात कमरभर,
रामगुंडमी धूर नभावर,
आणिक पुढती — गोदा! गोदा! गोदा दूरवर!”

शेवटची ‘गोदा’ तिने अशी लांबवली की पाण्यात कपडे धुणाऱ्या दोन बायका हात थांबवून पाहत राहिल्या. गौतम टाळ्या वाजवणार होता, मी त्याचा हात धरला.  दादा उठला, पायांवरची वाळू झटकली आणि गाडीत जाऊन बसला.

परतीचा सगळा रस्ता तो गप्प. सिद्दिपेटला चहा घेतला, तेव्हाही गप्प. स्वातीच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. हकीमपेटच्या सिग्नलला गाड्यांची रांग लागली होती, तेव्हा अचानक तो म्हणाला, “पेद्दपल्लीनंतर श्वास घेतेस.”

“हो. तिथे संपतो.”

“तिथे घ्यायचा नाही. मानेरच्या वाऱ्यावर चोरून घ्यायचा. कोणाला कळत नाही. मी मागून टाळ जरा चढवीन.”

स्वाती पुढे वाकली. “म्हणजे? तुम्ही मागे उभे राहणार? बाबा, म्हणजे मी...”

“मी मागे उभा राहणार म्हटल्यावर पुढे कोणी तरी लागेल की नाही?” तो म्हणाला आणि मफलर नाकापर्यंत ओढून डोळे मिटले. गौतमने हॉर्न वाजवला. सिग्नल अजून लालच होता.

सप्ताहाच्या पहिल्या दिवशी मंदिर भरलं होतं. निम्मे लोक कीर्तनाला आले होते आणि निम्मे, बुवांची लेक रस्त्यावर काय सांगते ते पाहायला. आबासाहेब पहिल्या रांगेत मांडी घालून बसले होते. मी शेजारी बसताच म्हणाले, “कमलताई, डांबराचं आख्यान उभ्या जन्मात ऐकलं नाही. बघू. लातूरच्या बुवांना मी नाही म्हणून अजून कळवलेलं नाही.”

स्वातीने पूर्वरंग छान लावला. वाट म्हणजे काय, वाट दाखवणारा कोण आणि वाट देणारा कोण, असं निरूपण केलं. मराठी मधे मधे अडखळली, एकदा ‘पर्याय’ आठवेना म्हणून सरळ ‘ऑप्शन’ म्हणून मोकळी झाली. लोक हसले, पण प्रेमाने. मागे दादा टाळ घेऊन उभा. त्याच्या तोंडून सूर येत नव्हता, पण ओठ प्रत्येक ओळीबरोबर हलत होते.

मग मध्यंतर झालं. भजन सुरू झालं, सगळ्यांच्या कपाळी बुक्का लागला आणि बुवांना हार घालायची वेळ आली. त्या वेळी गादीवर जो उभा असेल त्याच्या पाया पडायचं असतं. त्याचं वय पाहायचं नाही. गादी नारदाची, तिच्यावर उभं राहिलेलं माणूस तेवढा वेळ त्याचंच. हे स्वातीला ठाऊक होतं. लहानपणी तिने पिकल्या केसांची माणसं तरुण दादाच्या पाया पडताना हजारदा पाहिली होती.

पण हार घेऊन पहिला पुढे आला तो दादा. टाळ खाली ठेवून, वळसा घालून समोर आला, हार घातला आणि वाकला. आणि स्वाती दचकून दोन पावलं मागे सरली. गादीवरून खाली, उघड्या फरशीवर.

भजन थांबलं. आरतीआधी गादी सोडली की कीर्तन संपलं, अशी आमच्याकडची रीत आहे. आबासाहेबांच्या तोंडून निघून गेलं, “अरे, गादी सोडली!”

स्वातीच्या डोळ्यांत पाणी तरळलं. “बाबा, तुम्ही नका ना.”

दादा उठला नाही. तो तसाच वाकलेला, रिकाम्या गादीच्या काठावर दोन्ही तळवे टेकून. त्याचं वय, त्याची कंबर, त्याचं ते ऑपरेशन. मी उठायला लागले, पण त्याने मान न वळवताच एका हाताच्या खुणेने मला खाली बसवलं. मग त्या फाटक्या भात्यातून जेवढी हवा होती तेवढी काढून बोलला, आणि सगळ्या मंदिराला ऐकू गेलं.

“गादी सुटलेली नाही. मी धरून ठेवली आहे. तू जागेवर ये. मी इथे थांबलोय.”

तबलजीने हळूच ठेका धरला. कोणी तरी मागून “जय जय राम कृष्ण हरि” म्हटलं, मग सगळ्यांनी. स्वातीने पदराने डोळे पुसले, एक पाऊल टाकलं, मग दुसरं. ती गादीवर आली आणि हात जोडून ताठ उभी राहिली. दादाने तिच्या पायांवर डोकं ठेवलं. नीट, सावकाश, जसं अण्णांच्या पायांवर ठेवायचा. या वेळी ती हलली नाही.

दादा उठून पुन्हा मागे जाऊन टाळ घेऊन उभा राहिला. मग आबासाहेब उठले, गुडघ्यांना शिव्या देत. दुसरा हार त्यांच्याकडे होता. तो घालून त्यांनीही वाकून नमस्कार केला आणि जागेवर येऊन माझ्या कानात म्हणाले, “फोन करतो उद्या लातूरला.”

स्वातीने मागे वळून बापाकडे पाहिलं. त्याने टाळाने खूण केली. तिने दोन्ही हात पसरले.

“तर श्रोतेहो, आपल्या मुसी नदीच्या काठावरून एक सडक निघते...”